श्रावणाच्या झडीत मांडा देशाचा पट



श्रावणाची झड लागली की चार-चार दिवस रानात पाय घालता येत नाही. वाफसा नाही, कोळपे चालत नाही, फवारणी करावी तर औषध धुऊन जाते. जनावरांचे चारापाणी उरकले की घरची माणसे ओसरीवर येऊन बसतात. मग ज्याच्या हाताला मोबाईल लागेल तो त्यात तोंड घालतो, म्हातारी माणसे पावसाकडे पाहत बसतात आणि बायका चुलीपाशी. एका छपराखाली असून प्रत्येकाचा वेळ वेगळा जातो.

या सदरात आपण एरवी खते, बियाणे, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज मात्र तुम्हांला घरच्या घरी एक पट तयार करायला सांगणार आहे. सापशिडीसारखाच, पण त्याच्या घरांत आपल्या देशाचा इतिहास आणि आपला राज्यकारभार. खर्च जवळजवळ काही नाही. खोक्याचा एक पुठ्ठा, पोरांच्या दप्तरातली पट्टी-पेन्सिल आणि चार चिंचोके.

कृषी खात्याचा माणूस खेळ काय शिकवतो, असे कुणाला वाटेल. पण अनेक वर्षे गावोगाव फिरून मी एक पाहिले आहे. योजना येते, कायदा येतो, हक्क येतो, पण तो ज्याच्यासाठी आला त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. पोहोचला तरी घरातल्या एका माणसापर्यंत, म्हणजे कर्त्या पुरुषापर्यंत. पटाभोवती मात्र सगळे बसतात आणि सगळ्यांची सोंगटी सारखीच असते.

सापशिडी हा मुळात आपलाच खेळ. आपल्याकडे त्याला मोक्षपट म्हणत आणि तो ज्ञानेश्वर माउलींनी केला असे परंपरा सांगते. उत्तरेत त्यालाच ज्ञानचौपड म्हणत. कुठे ७२ घरांचा पट, कुठे ८४ घरांचा. शिडीच्या पायथ्याशी दया, दान, भक्ती असे गुण लिहिलेले. सापाच्या तोंडाशी लोभ, क्रोध, चोरी. शेवटचे घर मोक्षाचे. इंग्रजांनी हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशात नेला. पुढे पुढे घरांतली अक्षरे गेली आणि नुसते आकडे, साप आणि शिड्या उरल्या. आता पोर ९८ वरून खाली येते ते का आले, हे त्याला कुणी सांगत नाही. जुन्या पटात साप का चावला ते लिहिलेले असे. आपल्याला तीच अक्षरे परत आणायची आहेत, फक्त मोक्षाच्या जागी गाव आणि देश.

खेळाच्या नियमांतूनही माणूस शिकतो, याचे एक उदाहरण परदेशातले आहे. आपली पोरे ‘व्यापार’ खेळतात ना, मुंबई विकत घे, पुणे विकत घे, भाडे वसूल कर? त्या जातीच्या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ म्हणजे जमीनदाराचा खेळ, याचे पेटंट घेतले. जमीन थोड्यांच्या हाती गेली आणि बाकीचे नुसते खंड भरत राहिले, तर एक श्रीमंत होतो आणि बाकी सगळे उघडे पडतात, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. पुढे १९३५ साली त्याच वाटेवरचा ‘मोनोपॉली’ बाजारात आला आणि जगभर गेला. मूळ हेतू मागे पडला आणि सगळ्यांची जमीन गिळणारा तोच हुशार ठरला. म्हणून सांगतो, घरात पट मांडताना नियम आपले आपण ठरवावेत.

आता बांधणीकडे वळू. पुठ्ठा दीड फूट चौरस कापा. त्यावर आठ आडवी, आठ उभी अशी ६४ घरे आखा, प्रत्येक घर दोन इंचांचे. खाली डाव्या कोपऱ्यात १, वर ६४. फाशाऐवजी चार चिंचोके घ्या आणि दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करा. जितके पांढरे वर तितके दान, आणि चारही काळे पडले तर आठ. सोंगट्यांना ज्वारीचे, हरभऱ्याचे, तुरीचे, मक्याचे दाणे चालतील. (एका घरी गव्हाचा दाणा घेतला होता, तो डाव संपेपर्यंत कोंबडीने टिपला. ओसरीवर कोंबड्या असतील तर बाटल्यांची झाकणे बरी.)

घरे वर्षांच्या क्रमाने भरावीत. सगळी ६४ एका दिवसात भरू नका. वीस-पंचवीस घरे आज लिहा, बाकीची मोकळी ठेवा. पोरे शाळेतून काही शिकून येतील, आजोबांना काही आठवेल, तसतसे लिहीत जा. मी माझ्या पटातली काही घरे सांगतो.

घर ४ मध्ये १८४८. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. इथून शिडी हवीच. घरातली जी मुलगी ते घर वाचून दाखवील, तिच्या वाचण्यातच शिडीचा पुरावा आहे.

घर ८ मध्ये मे १८७५. हे घर शेतकऱ्याच्या पटात असलेच पाहिजे. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि खतपत्रे, वह्या बाहेर काढून जाळल्या. लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या गावागावांत गेले. कारण काय? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भावाच्या भरवशावर कर्जे निघाली. युद्ध संपले, भाव कोसळला, वर सरकारने शेतसाऱ्याची नवी आकारणी करून तो वाढवला. पैसा देणारा एकच, सावकार, आणि कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येणारा माणूस गावात विरळा. लोकांनी माणसांपेक्षा कागदांवरच राग काढला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, त्यात नुसत्या कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याला आळा बसला.

या ८ क्रमांकाच्या घरातून १८७९ च्या घरात, म्हणजे १३ मध्ये, शिडी लावायची की साप, यावर एका घरी आमचा अर्धा तास वाद झाला. आजोबा म्हणाले, जाळपोळ ती जाळपोळ, साप काढा. कॉलेजात जाणारा नातू म्हणाला, जाळले नसते तर कायदा झाला असता का? मी काही बोललो नाही. शेवटी त्यांनी दोन्ही काढले. साप ३ वर उतरतो, शिडी १३ वर जाते, आणि खेळणाऱ्याने आपले म्हणणे मांडून दोन्हींतले एक निवडायचे. मला ते फार आवडले.

१७ मध्ये चंपारण, १९१७. बिहारातल्या त्या जिल्ह्यात वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावलीच पाहिजे अशी निळेच्या मळेवाल्यांची सक्ती होती. गांधीजी तिथे गेले आणि आधी गावोगाव बसून शेतकऱ्यांचे जबाब लिहून घेतले. पुढच्या वर्षी कायद्याने ती सक्ती गेली. आधी माहिती गोळा करायची आणि मग लढायचे, हे पोरांना इथे सांगता येते. २३ मध्ये बारडोली, १९२८. सारा २२ टक्क्यांनी वाढवला होता, वल्लभभाईंच्या मागे उभे राहून शेतकऱ्यांनी तो भरला नाही, आणि चौकशीनंतर वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

त्या दोघांच्या मध्ये, २१ मध्ये, महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामागचे कमी जणांना ठाऊक असते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे खुले आणि काठावर मात्र बंद! पुढे कोर्टकज्जा होऊन उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आपल्या ग्रामपंचायतीच्या ठराववहीतही असे किती ठराव झोपून असतील, याचा विचार या घरावर थांबलेल्याने करावा. माझ्या पटात इथे नियम असा, की सोंगटी पुढे नेण्याआधी गावात झालेला पण अंमलात न आलेला एक ठराव सांगायचा. अजून कुणाची सोंगटी इथे अडलेली पाहिली नाही.

२५ मध्ये १९३०. दांडीचे मीठ, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरचा जंगल सत्याग्रह. २९ मध्ये साताऱ्याकडचे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, १९४३. ३० मध्ये १५ ऑगस्ट १९४७. मराठवाड्यातल्या वाचकांनी ३१ मध्ये १७ सप्टेंबर १९४८ लिहावे, गोव्याकडच्या मंडळींनी पुढे १९ डिसेंबर १९६१ लिहावे. देशाचे स्वातंत्र्य सगळीकडे एका दिवशी पोहोचले नाही, हे पोरांना कळलेले बरे.

३३ हे पटाचे मधले घर, राज्यघटनेचे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली, २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. २ वर्षे, ११ महिने, १८ दिवस काम चालले. घटना समितीत १५ स्त्रिया होत्या. आपले डॉ. पंजाबराव देशमुखही सदस्य होते, जे १९५२ पासून केंद्रात कृषिमंत्री होते आणि ज्यांच्या नावाने अकोल्याचे कृषी विद्यापीठ आहे. घटनेची सुरुवात कुठल्या राजाच्या नावाने होत नाही, लोकांच्या नावाने होते, हे पोरांकडून पाठ्यपुस्तकात काढून वाचून घ्या.

आणि इथेच पटातली सर्वांत लांब शिडी लागते. घटनेच्या पहिल्या मसुद्यात ग्रामपंचायतीची तरतूदच नव्हती. डॉ. आंबेडकरांना तेव्हाच्या गावाविषयी भरवसा वाटत नव्हता, आणि ज्यांनी गावकुसाबाहेरचे दिवस पाहिले त्यांना तो का वाटावा? दुसऱ्या बाजूला गांधीजींच्या विचारांच्या सदस्यांना गावाशिवाय घटना अपुरी वाटत होती. चर्चा झाली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये राज्याने ग्रामपंचायती संघटित कराव्यात असे कलम दुरुस्तीने घातले गेले. तेच आजचे ४० वे कलम. पण ते मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे सरकारने करावे, न केले तर कोर्टात जाता येत नाही असे. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. पंचायतीच्या निवडणुका वेळच्या वेळी झाल्याच पाहिजेत हे मात्र २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आल्यावर ठरले. म्हणून ३३ वरून ४९ वर शिडी. चढायला एक क्षण लागतो, देशाला ४३ वर्षे लागली.

३६ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५१–५२. सुमारे १७ कोटी मतदार, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसचे चिन्ह तेव्हा बैलजोडी होते. पण या घरात मी साप काढला आहे, आणि त्याचे कारण स्त्री-वाचकांनी जरूर वाचावे. मतदार याद्या करताना उत्तरेकडच्या काही राज्यांत पुष्कळ बायकांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. परक्यापुढे नाव घेऊ नये ही रीत. निवडणूक आयोगाने सांगितले, स्वतःचे नाव नसेल तर यादीत नोंद नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अशी गळली आणि पहिले मत त्यांना देता आले नाही.

म्हणून आपल्या पटाचा पहिला नियम असा करा. खेळायला बसणाऱ्या प्रत्येकाने वहीत स्वतःचे पूर्ण नाव स्वतः सांगून लिहवायचे. ‘थोरल्याची आई’ चालणार नाही. ज्या आजीला नातवंडांनी कधी नावाने ऐकलेले नसते, तिचे नाव त्या वहीत पडते तेव्हा पोरे कशी बघतात ते पाहा.

बाकीचे नियम थोडके. शिडीच्या घरावर आलात तर तिथे काय झाले आणि त्यामुळे आपल्या घरात काय बदलले, हे सांगितल्यावरच वर जायचे. सांगता आले नाही तर ज्याला येते त्याने सांगायचे, आणि त्याची सोंगटी दोन घरे पुढे. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारच्याने वाचून दाखवायचे, पण उत्तर त्याचे त्याने द्यायचे. वाद झाला तर घरातल्या कर्त्याचा शब्द शेवटचा नाही, शाळेचे पुस्तक शेवटचे.

म्हातारी माणसे या खेळात मागे पडतील अशी भीती बाळगू नका. घर ४२ मध्ये १९७२ चा दुष्काळ आहे. मी त्या वेळी दोन वर्षांचा, मला काय आठवणार? पण घरात सत्तरीच्या आसपासचे कुणी असेल तर त्यांना विचारा. खडी फोडायला कितव्या वर्षी गेलात, सुकडी कशी लागायची, मिलोची भाकरी कशी होती. त्या दुष्काळातल्या कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली राज्याने तिचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ साली देशाने तसा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य, ही गोष्ट महाराष्ट्राच्या खडी फोडणाऱ्या हातांनी देशाला दिली. पोरांनी हे पुस्तकात एका ओळीत वाचलेले असते. आजी सांगू लागली की ती ओळ तासभर चालते. चालू द्या, पट कुठे पळून जात नाही.

४३ मध्ये आणीबाणी, जून १९७५. साप, ३४ पर्यंत, आणि ३४ मध्ये ‘मूलभूत हक्क’ असे लिहा. घराघरांत यावर मते वेगळी असतील, पण वर्तमानपत्रांवर बंधने आली, चौकशीशिवाय माणसे तुरुंगात गेली आणि १९७७ च्या मार्चमध्ये लोकांनी मतपेटीतून निकाल दिला, एवढे तर खरेच. ४७ मध्ये १९८९, मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. या घराचा मला थोडा अभिमान आहे. कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणारे आम्ही त्या साली पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांत होतो. आज घरात १८ पूर्ण केलेली मुले-मुली असतील तर आता नोंदणीसाठी वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. वर्षभर थांबायचे कारण राहिलेले नाही.

५२ मध्ये माहितीचा अधिकार, २००५. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आम्हा अधिकाऱ्यांच्या टेबलावर असा अर्ज आला की थोडी धावपळ होते, आणि ती व्हावीच.

५३ हे घर मात्र जपून खेळा. तिथे लिहिले आहे : ९ सप्टेंबर २००५, वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क. हिंदू वारसा कायद्याची ही दुरुस्ती. महाराष्ट्राने १९९४ सालीच असा बदल केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकलता येत नाहीत.

मागच्या श्रावणात एका घरी हा पट मांडला होता. नागपंचमीला आत्या माहेरी आलेली. खेळ रंगला होता, हसणे-खिदळणे चालले होते. आत्याची सोंगटी ५३ वर आली आणि नववीतल्या भाचीने मोठ्याने वाचले. ओसरी गप्प झाली. आत्याचे थोरले बंधू म्हणाले, “चला, पुढं टाका चिंचोके.” आत्याने चिंचोके हातात घेतले, पण टाकले नाहीत. म्हणाली, “दादा, अप्पा गेल्यावर तुम्ही मला तालुक्याला नेलं होतं, ती सही कशावर होती?”

दादा म्हणाले, “सोसायटीच्या कर्जाचं होतं काहीतरी, आता कशाला ते?” तेव्हा आतून त्यांची आई बोलली, “कागद देवघराच्या वरच्या फडताळात आहेत. पोरीला वाचता येतंय. वाचू दे.” भाचीने कागद आणून वाचला. ते नोंदणी केलेले हक्कसोडपत्र होते. आत्याने ऐकून घेतले. रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, “मला विचारलं असतं तर कदाचित मी दिलंही असतं. विचारलं का नाही?” दादांना उत्तर देता आले नाही. चहा आला, तो थंड झाला. मी साडेसातच्या एस. टी. ने निघालो.

पुढे त्या घरात काय ठरले ते सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट तुम्हांला सांगतो. नोंदणीकृत दस्तावर केलेली सही सहजासहजी फिरत नाही, म्हणून वाचायचे ते सहीच्या आधी. बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडावा की ठेवावा हा तिचा प्रश्न आहे. माहेरची वाट बंद होईल या भीतीने पुष्कळ जणी सोडतात, ती भीतीही खोटी नाही. पण काय सोडते आहे हे तिला माहीत असावे. कुणी मला म्हणाले, साहेब, असला खेळ घरात आणून तुम्ही भांडणे लावता. मी म्हटले, कागद फडताळात होता, पटाने फक्त वाचून दाखवला. हे घर पटातून गाळावे असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरी बहिणी येणार आहेत त्यांनी तर मुळीच गाळू नये.

५४ मध्ये २०११. पंचायत राज्यातल्या निम्म्या जागा महाराष्ट्राने स्त्रियांसाठी राखल्या. ७३ व्या दुरुस्तीत एक-तृतीयांश होत्या. या घरातून खाली जाणारा एक छोटा साप काढा आणि त्यावर लिहा, ‘सरपंच बाई, बोलतो नवरा’.

५५ ते ५८ ही चार घरे तुमच्या गावाची. ग्रामपंचायत कधी स्थापन झाली, शाळा कधी सुरू झाली, पहिली वीज, पहिली एस. टी., पहिली स्त्री सरपंच. ग्रामपंचायतीचे आणि शाळेचे दप्तर पाहिल्याशिवाय साल लिहू नका. गावातली आठवण दोन-चार वर्षे मागेपुढे होते. पोरांना ग्रामसेवकाकडे पाठवा. कचेरीची पायरी चढायची भीती लहानपणीच जाते.

५९ ते ६३ सगळे साप. मतदार यादीत नाव आहे का ते न पाहणे. न वाचता सही करणे. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, ते झोपेत घालवणे. मोबाईलवर आलेली अफवा खरी-खोटी न करता पुढे ढकलणे. आणि ६३ मध्ये सर्वांत लांब साप, पार १ पर्यंत : ‘ग्रामसभेला गेलो नाही’. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात. तितकीही येत नाहीत आणि सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट राहत नाही, मग पाच-दहा जणांत गावाचे निर्णय होतात आणि वर्षभर आपण पारावर बसून कुरकुरतो.

६४ वे घर ग्रामसभा. जुन्या पटात इथे मोक्ष होता. या घरात शिरायला नेमके दान पडले पाहिजे, आणि शिरणाऱ्याने ग्रामसभेत आपण कोणता प्रश्न विचारणार ते एका वाक्यात सांगितले पाहिजे. ते वाक्य नावानिशी वहीत लिहून ठेवा. एका गावी पाच घरांत हा पट खेळला गेला आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला त्या पाच वह्यांतले प्रश्न आले. दोन प्रश्न पाणंद रस्त्याचे, एक अंगणवाडीच्या छपराचा, एक नळाच्या पाणीपट्टीचा, आणि एका सहावीतल्या मुलाचा : “महिलांची ग्रामसभा मुख्य सभेच्या आधी घ्यायची असते, ती कधी झाली?” मुलाला मत नाही, म्हणून तो प्रश्न त्याच्या आजीने उभे राहून विचारला. ग्रामसेवकांनी दप्तर चाळले. ती झालेली नव्हती. पुढची तारीख तिथेच ठरली.

पट आखताना एक काळजी घ्या. वर्षे पेनाने लिहा, पण साप आणि शिड्या पेन्सिलीने काढा. सरपंच थेट लोकांतून निवडायची पद्धत राज्यात २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली परत आली. आमच्या पटात त्या एका घरावर तीनदा खोडरबर चालवावा लागला आहे.

पुढील अंकी तुरीवरील मर रोगाविषयी.